आई जपानी, वडील मराठी : जपानमध्ये मुलाला वडिलांचं आडनाव लावता येतं का?

हो, लावता येतं, पण आपोआप नाही. विदेशी वडिलांचं स्वतंत्र कोसेकी (कुटुंब-नोंदवही) नसतं, म्हणून मूल आईच्या कोसेकीत जातं आणि आईचंच आडनाव घेतं. नियम कोसेकी कायद्याच्या कलम 107 मध्ये आहेत.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लग्नानंतर 6 महिन्यांच्या आत आईने पालिकेत अर्ज देऊन नवऱ्याचं आडनाव घेणं. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला तेच मिळतं. मुदत चुकली, तर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. फक्त मुलाचं आडनाव बदलायचं असेल तरीही न्यायालयातच जावं लागतं, आणि मग मुलाचं वेगळं कोसेकी बनतं. आडनाव काताकाना लिपीत लिहिलं जातं.

मराठी घरांत गोंधळ होतो तो मधल्या नावाचा. कोसेकीत आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात. वडिलांचं नाव मध्ये घालायचा हट्ट धरला, तर ते मुलाच्या नावालाच जोडून एक लांब नाव होतं आणि शाळेच्या हजेरीपासून बँकेपर्यंत तेच चालतं. ते टाळाच.

वडिलांकडची ओळख कागदावर राहावी एवढंच हवं असेल, तर जपानी पासपोर्टवर त्यांचं आडनाव कंसात लिहून मागा. मुलासाठी हा मार्ग मला जास्त चांगला वाटतो, कारण मोठं झाल्यावर कोणतं आडनाव वापरायचं ते त्याला स्वतः ठरवता येतं. मात्र कंसातलं नाव पासपोर्टच्या चिपमध्ये नसतं, त्यामुळे विमानाचं तिकीट मुख्य नावानेच काढा.