सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझवर जायचंय, तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ चे, आई ६९ ची, आईचे गुडघे दुखतात, बरोबर दोन मुलं आहेत आणि पुण्याहून निघायचंय. मुंबई–लक्षद्वीप की सिंगापूरहून सुटणारी बोट, हे अजून ठरत नाहीये. मी दोन्ही केल्या आहेत, आणि दोन्ही वेळा आईबाबा सोबत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

जाहिरातीत दिसतं ते, म्हणजे जेवण, कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, यांची काळजी करू नका. एकदा बोटीवर चढलात की ते सगळं आपोआप होतं. विचार करायचा तो बोट आणि जमीन यांच्या मधल्या जागेचा. चढायचं कसं, उतरायचं कसं आणि वेळेत परत यायचं कसं. आमच्या दोन्ही सहलींत जे काही अडलं ते तिथेच.

हे मला खरं तर बाबांनी शिकवलं. ते मालवणचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’ने गावी जायचे. बोट मालवणच्या बंदरात आत येत नसे, बाहेर नांगर टाकून उभी राही आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्याला जात. लक्षद्वीपला आमची भलीमोठी बोट बेटापासून लांब थांबली आणि खाली छोट्या होड्या येऊन लागल्या, तेव्हा बाबा एकदम म्हणाले, “अगो, हो तर पडाव!” पाय कधी टाकायचा तेही त्यांनीच सांगितलं. होडी लाटेबरोबर वर येते आणि क्षणभर फळीच्या उंचीला थांबते, तेव्हा टाकायचा. खाली जाताना नाही. हात मोकळे हवेत, सामान पाठीवर. खलाशी मनगटाच्या वर धरतात, तसंच धरू द्यावं, आपण त्यांचा पंजा पकडायला जाऊ नये.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची आहेत. भोवती खडकांचं कडं आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठ्या बोटीला काठाला लागता येत नाही. म्हणजे तुमच्या आईंना हलत्या होडीत उतरावं लागेल, आणि परतताना पुन्हा चढावं लागेल. माझ्या आईने पहिल्या होडीकडे पाहून नको म्हटलं आणि ती बोटीवरच राहिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण हे मी आधी विचारायला हवं होतं. म्हणून बुकिंग करण्याआधी प्रत्येक थांब्याबद्दल एकच प्रश्न विचारा: बोट धक्क्याला लागते की नांगर टाकून उभी राहते? गोव्याला बोट मुरगाव बंदरात धक्क्याला लागते. मलेशियातल्या पेनांगला स्वेटनहॅम पिअरला लागते आणि बाहेर पडलं की जॉर्ज टाउन हे शहर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोर्ट क्लांगलाही धक्का आहे, पण क्वालालंपूर तिथून चाळीसेक किलोमीटर आत, म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच जातो. थायलंडमधल्या फुकेतला बऱ्याचदा पाटाँग किनाऱ्यासमोर नांगर पडतो, तेव्हा परत होडीच.

आईंच्या गुडघ्यांचा विचार करता माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा मुंबई–गोवा किंवा सिंगापूर–पेनांग असं काही घ्या. लक्षद्वीप अतिशय सुंदर आहे, पण ते होडीत उतरू शकणाऱ्यांसाठी. शिवाय समुद्र खवळलेला असला तर कप्तान बेटाचा थांबा रद्द करू शकतो. सुरक्षिततेचा निर्णय त्याचाच असतो आणि तिकिटाचे पैसे त्यासाठी परत मिळत नाहीत. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

महिना निवडताना अरबी समुद्राचं वेळापत्रक पाळा. नोव्हेंबर ते मार्च हा शांत काळ. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या बाहेर काढतात, ते उगाच नाही. मोठ्या बोटींना बाजूच्या डोलण्यावर ताबा ठेवणारे, माशाच्या परांसारखे पंख पाण्याखाली असतात, पण बोट चालत असतानाच त्यांचा खरा उपयोग. नांगरून उभी असताना ती आपली डुलतच राहते.

आता केबिन. लोक खिडकी की बाल्कनी यावर अडून बसतात, मी म्हणेन आधी जागा पाहा. लहान मुलांच्या सी-सॉसारखं समजा, मधे बसणारा कमी हलतो आणि टोकावरचा जास्त. म्हणून बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या जवळ. कंपनीच्या साइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते त्यात बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाट्यगृह असेल तर रात्री उशिरापर्यंत ठोके. स्वस्तातलं गॅरंटी तिकीट मिळतं, त्यात केबिनचा नंबर कंपनी नंतर ठरवते. एकटं जाणाऱ्याला ते ठीक आहे, आईवडील सोबत असताना घेऊ नका. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवसाही मिट्ट काळोख असतो, तेव्हा रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर म्हातारी माणसं अंधारात चाचपडतात.

बोट किती मोठी आहे हेही बघा. मुंबईहून जाणारी ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेली, साधारण २११ मीटर लांब. सिंगापूरहून सुटणारी ‘गेंटिंग ड्रीम’ ३३५ मीटर. मोठ्या बोटीवर करमणूक जास्त, पण जेवायला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे दिवसातून चार-पाच वेळा ती लांबी चालायची. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच लेखी सांगा. बंदरावर ऐनवेळी मागितली तर मिळेलच असं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. जाहिरातीतली किंमत माणशी असते, तीही दोघांनी एक केबिन घेतली तर. त्यावर बंदर शुल्क, कर आणि बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठीची रोजची टिप. पेयं, वायफाय, वेगळी रेस्टॉरंट्स आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे निराळे. बोटीवर रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं आणि शेवटी एकदम बिल येतं. रोज संध्याकाळी ते तपासायची सवय लावा. आणि बोट सुटताच सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात फोन बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग फार महाग पडतं. आजीआजोबांचा फोन तुम्ही स्वतः हातात घेऊन बदला.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावर आहे अक्षरशः तसंच हवं, आणि ओळखपत्र मूळ हवं, फोटो चालत नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देते, पण आपली माहिती तिच्याकडे वेळेत पोचली पाहिजे. सिंगापूर धरलंत तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने बाकी हवी, आणि व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना ते पाहा. बोट मलेशियाला जाऊन सिंगापूरला परत येते, तो नवा प्रवेश धरला जातो.

औषधं नेहमी हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा बंदरावरच काढून घेतात आणि त्या काही तासांनी केबिनच्या दाराशी येतात. पहिल्या वेळी बाबांच्या रात्रीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग साडेनऊला आली. तोपर्यंत मी तीनदा काउंटरवर जाऊन आले. इन्शुलिन असेल तर फ्रिजचं आधी विचारा. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या त्रास व्हायच्या आधी घ्याव्या लागतात, मळमळायला लागल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यातल्या काही चालत नाहीत. म्हणून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना नक्की विचारा. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्या कामी आल्या. पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत राहायचं. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो पैसे घेतो आणि विम्याचा दावा आपल्यालाच घरी आल्यावर करावा लागतो. विमा घेताना भर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, ते वाचा.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई रोज तिन्हीसांजेला निरांजन लावते. बोटीवर उघडी ज्योत चालत नाही, उदबत्तीसुद्धा नाही, कारण समुद्रात आगीइतकं भयंकर काही नसतं. आई पहिल्या संध्याकाळी खूप हिरमुसली. दुसऱ्या वेळी मी सेलवर चालणारी छोटी पणती नेली आणि तिने तिच्यापुढे हात जोडून शुभंकरोति म्हटलं. तुमच्याकडे असा काही नेम असेल तर आधीच बोलून घ्या. इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉडही नेऊ देत नाहीत. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक बोटींवर चालत नाही, सीलबंद चिवडा-लाडू चालतात. जैन किंवा कांदा-लसणाशिवाय जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी नोंदवा.

बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. ती कंटाळवाणी वाटते, तरी आईवडिलांना घेऊन मनापासून करा. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आपल्याकडे तर १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली. माझी आई अलिबागची, तिच्या घरात ते नाव आजही हळू आवाजात घेतात. तिच्या मनात भीती होती, ती बोलत नव्हती इतकंच. कवायतीत जीवरक्षक जाकीट स्वतः अंगात घालून पाहिलं, आपली जागा कुठे ते चालत जाऊन पाहिलं, तेव्हा ती जरा सैल झाली. तुमच्या आईंनाही आपल्या जागेपर्यंत एकदा चालत नेऊन आणा, लिफ्टने नाही, जिन्याने, हळूहळू. आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही.

निघायच्या दिवसाबद्दल. पुण्याहून त्याच सकाळी निघू नका. खंडाळ्याच्या घाटात शनिवार-रविवारी काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, आणि बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो. आदल्या रात्री मुंबईत कुणाकडे तरी राहा. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीहून टॅक्सीने जवळ. वेब चेक-इन करताना पोचण्याची वेळ निवडता येते, ती दुपारच्या आधीची घ्या, म्हणजे रांग कमी आणि आईंना उभं राहावं लागत नाही.

किनाऱ्यावर उतराल तेव्हा घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवा. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे, फोन आपोआप बदलतो आणि माणसं फसतात. बोटीच्या दाराशी परतीची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढून घ्या आणि त्याच्या दीड तास आधी परत या. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीने उशीर झाला तर बोट थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जावं लागतं. बोटीतर्फे घेतलेली सहल महाग असते, पण ती उशिरा आली तर बोट सहसा वाट बघते. त्यामुळे लांबच्या ठिकाणी त्यांची सहल, जवळच्या ठिकाणी आपलं आपण, असं मी करते.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी सकाळचे कपडे, चपला, औषधं, चष्मा आणि बाबांची कवळी असेल तर तीही हातातल्या पिशवीत ठेवा. उतरताना आईंसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती आदल्या संध्याकाळीच काउंटरवर नोंदवा. सकाळी सगळेच मागतात.