नदीत सोडायची माशांची पिल्लं: सुरुवातीला एवढंच बघा

टाकीत किती पिल्लं जगली, या आकड्यावर खूश होऊ नका. मोठी मर होते ती सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत.

सगळ्यात आधी टाकीचा तळ. पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तेव्हापासूनच तिथे गोटे असू द्या. स्टीलहेड ट्राउट या माशावरच्या प्रयोगात नुसते दगड ठेवलेल्या टाकीतल्या पिल्लांचा अनुमस्तिष्क, म्हणजे मेंदूचा हालचाली सांभाळणारा भाग, मोठा वाढला. रिकामी टाकी धुवायला सोपी, म्हणून नवखे तीच निवडतात. गोट्यांखाली घाण साचते खरी. ती रोज सायफनने काढा.

मग खाद्य. वरून गोळ्या टाकल्या की पिल्लं सावली दिसताच वर झेपावतात. नदीत ती सावली बगळ्याची असते! आडोशामागून, नळीने पाण्याखाली आणि वेळा बदलत खाद्य द्या. सोडण्याआधी काही आठवडे जिवंत भक्ष्यही सुरू करा, नाहीतर शिकार करणं त्यांना जमत नाही.

पर कुरतडलेले दिसले तर गर्दी जास्त आहे, लगेच विरळ करा.

सोडताना पिशवी थेट उलटी करू नका. नदीचं पाणी थोडं थोडं मिसळून तापमान जुळवा आणि संथ, आडोशाची जागा निवडा.

शिकारी माशांचा वास ओळखायला शिकवणं, प्रजनकांची, म्हणजे पिल्लांच्या आईबाप माशांची निवड, हे पहिली तुकडी सोडून झाल्यावर बघू.