स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी निवासी केंद्र कसे पारखावे?

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. घोडबंदर रस्त्यावरील निवासी केंद्र चांगले आहे, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्यतो न कळवता संध्याकाळी जा, कारण या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता पुष्कळदा वाढते आणि कर्मचाऱ्यांची खरी कसोटी तेव्हाच लागते. ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी घुटमळणाऱ्या आजींना तिथल्या मावशी दटावतात, की हात धरून, बोलत बोलत त्यांच्यासोबत चार पावले चालतात, ते पाहा. मला विचाराल तर चकचकीत इमारतीपेक्षा ही सबुरी कितीतरी मोलाची आहे. कोणी खुर्चीला बांधलेले किंवा भरदिवसा गुंगीत दिसले, तर त्याचे कारण आणि औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव स्पष्टपणे विचारा. रात्रपाळीला किती माणसे असतात, हेही विचारून घ्या.