मार्शलने लबाडी केली का?

प्रश्न : सध्या आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला आहोत. बाहेर बर्फ, त्यामुळे ह्यांनी ‘गनस्मोक’ ही काउबॉयच्या काळातली जुनी अमेरिकन मालिका पहिल्या भागापासून लावली आहे. त्या भागात डॅन ग्रॅट नावाचा गुंड मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याला, मॅट डिलनला गोळी घालून आडवा करतो. मॅट बरा होतो आणि पुढच्या खेपेला लांब उभा राहून त्याला टिपतो. ह्यांच्या मते ही चक्क लबाडी. मुलगा म्हणतो, नुसती बोलाबोली. मला भाग आवडला, पण का ते धड सांगता येईना, म्हणून जेवणाच्या टेबलावर मीच हरले. तुमचं मत काय?

उत्तर : ताई, तुमच्या ह्यांना तो भाग पुन्हा लावायला सांगा आणि ग्रॅटच्या पायांकडे बघायला सांगा. तो बोलत बोलत समोरच्याच्या अगदी अंगाशी येतो. पिस्तूल उपसण्यात हा विजेसारखा, पण नेमात कच्चा. हातभरावर उभ्या माणसाला गोळी कोणाचीही लागेल! मॅटला एकदा मार खाल्ल्यावर ही मेख कळते आणि दुसऱ्या वेळी तो ग्रॅटला जवळ येऊच देत नाही. लांब राहणं ही लबाडी, तर अंगाशी येणं काय? आणि मॅट मार्शल आहे हो, तो काही तिथे शर्यत लावायला आलेला नाही.

मुलाची तक्रार मात्र मी थोडी मान्य करतो. गोष्ट सावकाश चालते. ही मालिका १९५२पासून रेडिओवर होती, तिथे सगळं बोलण्यातूनच उभं करायचं. ती सवय पडद्यावरही आली. मला स्वतःला ते आवडतं, पण मी रेडिओवर वाढलेला माणूस.

आता तुम्हाला का आवडला? माझा अंदाज सांगतो. १० सप्टेंबर १९५५ला हा भाग पहिल्यांदा दाखवला, तेव्हा आधी काउबॉयपटांचा बडा नट खुद्द जॉन वेन पडद्यावर आला आणि त्याने मॅट झालेल्या जेम्स आर्नेस या नव्या नटाची ओळख करून दिली. एवढ्या वाजतगाजत आणलेला, साडेसहा फूट उंचीचा नायक, आणि थोड्याच वेळात तो धुळीत पडलेला! पहिल्याच दिवशी नायकाला असं हरवायला लेखकाची छाती लागते. बरा झाल्यावर पुन्हा त्याच माणसासमोर जायचंय, हे मॅटला ठाऊक असतं आणि आपल्यालाही. माझा जीव अडकला तो तिथे. तुमचाही तिथेच अडकला असणार.

आणखी एक गंमत. मालिकेच्या सुरुवातीला रस्त्यावरची जी झुंज दिसते, तिच्यात मॅटसमोर उभा असलेला आर्वो ओहाला हा हॉलिवूडच्या नटांना झटपट पिस्तूल उपसायला शिकवणारा उस्ताद. तिथे पहिला बार मॅटचा नसतो. ओहालाच आधी झाडतो, फक्त नेम चुकतो. उद्या ह्यांना आवाज जरा मोठा करून ते दोन बार ऐकायला लावा.