सरांचं नामांकन पेनोसाठी नको, एलिंगसाठी करा

‘सरांनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना बाल्साची विमानं करायला आणि उडवायला शिकवलं. चौदा पानी फाईल तयार आहे, अल्फोन्स पेनो डिप्लोमासाठी थेट लोझानला पाठवू का?’ हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. यातल्या दोन्ही चुका आम्ही केल्यात, वर तिसरीही केली.

थेट पाठवू नका. लोझानला एफएआयची, म्हणजे हवाई खेळांच्या जागतिक महासंघाची कचेरी आहे खरी, पण तिच्याकडे नामांकन देशाच्या सदस्य-संस्थेमार्फतच जातं. आपल्याकडे ती एरो क्लब ऑफ इंडिया, हे ठाऊक असेलच.

आता डिप्लोमा कुठला ते. पेनो म्हणजे १८७१ साली पॅरिसात रबराच्या पिळावर मॉडेल उडवणारा माणूस, त्यामुळे नावाचा मोह पडतो खरा. पण तो डिप्लोमा स्पर्धेतल्या कामगिरीसाठी आहे. तिथे जागतिक स्पर्धांतले क्रमांक बोलतात, शाळेतली तीस वर्षं नाही. आंतोनोव्ह डिप्लोमा तांत्रिक नावीन्यासाठी, तुपोलेव्ह डिप्लोमा विक्रमांसाठी. उडत्या मॉडेल्समधून एरोमॉडेलिंगच्या, म्हणजे विमानांची मॉडेलं करण्या-उडवण्याच्या छंदाचा प्रसार करणाऱ्यांसाठी फ्रँक एलिंग डिप्लोमा आहे. सरांची जागा तिथे. (उपनियम अधूनमधून बदलतात, चालू वर्षाची प्रत स्वतः वाचा. माझ्या भरवशावर राहू नका.)

निवड सियाम, म्हणजे एफएआयचा एरोमॉडेलिंग आयोग करतो. सभा वसंतात असते, पण कागद आदल्या वर्षीच पोचावे लागतात. मत देणारे देशोदेशींचे मॉडेलवालेच. चौदा पानं कोण वाचणार? एक पान करा, इंग्रजीत. आणि कृपा करून मानपत्र लिहू नका. ‘ज्ञानयज्ञ’, ‘आधुनिक द्रोणाचार्य’ यांचं भाषांतर भयंकर होतं. त्याऐवजी असं: ‘१९९४ पासून दर उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा वर्ग, दर वर्षी ४० मुलं, आधी हातफेकीचा ग्लायडर, मग रबरवर चालणारं मॉडेल, मग कंट्रोल लाइन (हातातल्या तारांनी गोल फिरवत उडवायचं मॉडेल), त्यातली १२ मुलं एनसीसीच्या वायुसैनिक शिबिरात मॉडेल उडवून आली.’ आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे खरे टाका. प्रत्येकामागे एक कागद हवा: हजेरीपट, प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचं कात्रण. मराठी कात्रणाखाली दोन ओळी इंग्रजीत लिहा.

आता तिसरी, सगळ्यात महागात पडलेली. ‘वजन येईल’ म्हणून मधल्या एका कार्यालयाचं शिफारसपत्र जोडायचं ठरवलं आणि पूर्ण फाईल तिथेच दिली. नाव नको, दिल्लीचं नव्हतं एवढंच सांगतो. आधी ‘द्विप्रतीत आणा’, मग ‘शाईची सही हवी, स्कॅन चालणार नाही’, मग साहेब दौऱ्यावर, मग टेबलवाल्याची बदली. आमच्याकडे आवक क्रमांक होता, शिक्क्यासकट, म्हणून निवांत बसलो. आवक क्रमांकाने कागद आत आल्याचं कळतं, बाहेर गेल्याचं नाही! मागायचा असतो जावक क्रमांक, तो आम्ही मागितलाच नाही. मुदत गेली. आणि कळस म्हणजे ते पत्र नियमात कुठे मागितलेलंच नव्हतं.

म्हणून मूळ अर्ज पीडीएफमध्ये आधी एरो क्लबला मेल करा, शिफारसपत्रं मागाहून. पंधरा दिवसांनी नम्रपणे विचारा, ‘पुढे पाठवलेल्या मेलची प्रत मिळेल का?’ पोच आणि पाठवणी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी विसरू नका. यंदा नाही जमलं तर अर्ज आपोआप पुढच्या वर्षात सरकेल असंही धरू नका, नव्याने भरा.

किरकोळ दोन गोष्टी. नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच लिहा, ‘आप्पा’, ‘गुरुजी’ नको, डिप्लोमावर तेच छापून येतं. आणि फोटो शाल-श्रीफळाचा मुळीच देऊ नका. मैदानावर मॉडेल सोडताना, मागे पोरं वर बघतायत, असा एखादा जुन्या अल्बममध्ये नक्की असेल.