घर कोणत्या भागात घ्यावे? फ्रँकफर्ट, बर्लिन आणि लाइपझिगला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : येत्या जानेवारीपासून माझी नेमणूक फ्रँकफर्टजवळच्या एश्बोर्न येथील कार्यालयात होत आहे. पत्नी आणि मुलगी दोन महिन्यांनी येतील. मुलगी मे महिन्यात सहा वर्षांची होईल. एक सहकारी म्हणतो की रीडबर्गलाच राहा, तेथे सगळी नवी घरे आहेत. दुसरा म्हणतो की एश्बोर्नमध्येच घर घ्या. तिसऱ्याने मुख्य स्थानकाच्या आसपास फिरकूही नका असे बजावले आहे. नकाशा पाहून काही उलगडत नाही. भाग कसा निवडावा?

उत्तर : तुमच्या तिन्ही सहकाऱ्यांनी भागांची नावे सांगितली, परंतु तुमचा रोजचा प्रवास कोणत्या गाडीने होणार आणि मुलगी कोणत्या शाळेत जाणार, हे एकानेही विचारलेले दिसत नाही. फ्रँकफर्टमध्ये अधिकृतपणे 46 उपनगरे आहेत. त्यांपैकी प्रत्येकाविषयी कोणाचे तरी ठाम मत असते आणि ते बहुधा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या कार्यालयाच्या पत्त्यावर बेतलेले असते. म्हणून नावे तूर्त बाजूला ठेवा आणि आधी रेल्वेचा नकाशा समोर घ्या.

एश्बोर्नला एस-बानच्या, म्हणजे शहर आणि उपनगरांना जोडणाऱ्या लोकल रेल्वेच्या, एस 3 आणि एस 4 या गाड्या जातात. दोन्ही मिळून साधारण दर पंधरा मिनिटांनी एक गाडी मिळते. मात्र नीडरहोक्श्टाटच्या पुढे एक गाडी बाड झोडेनकडे आणि दुसरी क्रोनबेर्गकडे वळते, त्यामुळे त्या टुमदार गावांत घर घेतले की गाड्यांची संख्या निम्म्यावर येते. शहराच्या बाजूने पाहिले तर याच मार्गावर रोडेलहाइम, फ्रँकफर्ट वेस्ट, मेस्से आणि गालुसवार्टे ही स्थानके लागतात. या पट्ट्यात कोठेही राहिलात तर गाडी न बदलता कार्यालयात पोहोचाल. शिवाय ही सारी स्थानके मुख्य स्थानकाच्या अलीकडे, पश्चिमेला आहेत. मुख्य स्थानकापासून पूर्वेकडे एस-बानचा भुयारी मार्ग सुरू होतो आणि एस 7 वगळता सर्व एस-बान गाड्या त्यातूनच जात असल्याने तेथे काही बिघडले की साऱ्या शहराचे वेळापत्रक कोलमडते. उशीर तुमच्याही वाट्याला येईल. पण पूर्वेकडच्या बोर्नहाइम किंवा ओस्टएंडला राहून रोज हा भुयारी मार्ग ओलांडणाऱ्याइतकी तुमची अडचण होणार नाही.

आता रीडबर्गकडे पाहू. भाग चांगला आहे, रस्ते रुंद आहेत, गेल्या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती आहेत, गोएथे विद्यापीठाचा विज्ञान विभागही तेथेच आहे. नकाशावर तो एश्बोर्नपासून फार दूर वाटत नाही. परंतु तेथून निघणारी यू 8 ही शहरी मेट्रोची गाडी शहराच्या मध्यभागी हाउप्टवाखेला येते आणि तेथे एस-बान पकडून तुम्हाला पुन्हा पश्चिमेकडे बाहेर जावे लागते, म्हणजे कोनाच्या दोन बाजू पूर्ण चालून तिसऱ्या टोकाला पोहोचण्यासारखे ते होते. मोटार असेल तर गोष्ट वेगळी. बाड होम्बुर्ग, एश्बोर्न, होक्स्ट आणि विमानतळ यांना शहराच्या बाहेरून जोडणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचे काम चालू आहे आणि घर दाखवणारे लोक त्याचा उल्लेख हमखास करतात. जो मार्ग आज धावत नाही, त्याच्या भरवशावर भाडेकरार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एश्बोर्नमध्येच राहण्याचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पायी कार्यालयात जाता येणे ही मोठी चैन आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे एश्बोर्नमध्ये एस-बानची दोन स्थानके आहेत, ‘एश्बोर्न’ आणि ‘एश्बोर्न झ्यूड’. मोठा कार्यालयीन परिसर दक्षिणेकडे आहे, तर जुने गाव ‘एश्बोर्न’ स्थानकाजवळ. तुमचे कार्यालय यांपैकी कोणत्या बाजूला आहे हे आधी विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे एश्बोर्न हे फ्रँकफर्टचे उपनगर नसून मुख्यालय होफहाइमला असलेल्या माइन-टाउनुस जिल्ह्यातील स्वतंत्र नगर आहे. जर्मनीत निवास परवान्याचे काम राहत्या पत्त्यावरून ठरणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयात चालते, तेव्हा घर कोठे घेता यावर तुमचे कागद कोणाच्या टेबलावर जाणार हेही ठरते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला फ्रँकफर्ट आणि माइन-टाउनुस या दोन कार्यालयांपैकी कोणाकडे काम लवकर होते याचा अनुभव असतो. त्यांना विचारायला संकोच करू नका.

मुलीची शाळा हा प्रश्न मी प्रवासाच्या बरोबरीचा मानतो. फ्रँकफर्ट आणि एश्बोर्न ज्यात येतात त्या हेस्सेन राज्यात 30 जूनपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला त्याच वर्षीच्या उन्हाळी सुट्टीनंतर शाळेत जावेच लागते, म्हणजे तुमची मुलगी येत्या ऑगस्टच्या सुमारास पहिलीत बसेल. सरकारी प्राथमिक शाळा पालक निवडत नाहीत, घराचा पत्ता निवडतो. प्रत्येक शाळेला ठरावीक रस्ते जोडलेले असतात आणि दुसऱ्या शाळेत प्रवेश हवा असल्यास कारण देऊन परवानगी मागावी लागते. म्हणून घर पाहतानाच त्या रस्त्याची शाळा कोणती, आणि दुपारी वर्ग सुटल्यानंतर मुलांना तेथे थांबता येते का, हे विचारावे. पहिलीचे वर्ग दुपारपर्यंतच असतात आणि दुपारनंतरच्या सांभाळाच्या जागा अनेक ठिकाणी मागणीपेक्षा कमी पडतात. पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क 2026 च्या ऑगस्टपासून मिळतो, परंतु हक्क आणि जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी भाषेची खास तुकडी असते. ती तुमच्याच शाळेत असेल असे मात्र गृहीत धरू नका. पत्नी नोकरी किंवा जर्मनचा वर्ग करणार असतील, तर दुपारच्या या सांभाळावर त्यांचा सारा दिवस अवलंबून राहील.

स्थानकाजवळच्या भागाविषयी तिसऱ्या सहकाऱ्याने दिलेला इशारा अर्धा खरा आहे. मुख्य स्थानकासमोरच्या बानहोफ्सफिअर्टेलमध्ये अमली पदार्थांचा उघड वावर आहे आणि लहान मुलीला घेऊन तेथे राहावे असे मी सुचवणार नाही. पण हा भाग जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरचा आहे, आणि तेथील म्युन्शेनर श्ट्रासेवर नाना देशांच्या किराण्याची दुकाने आहेत. डाळ, पीठ आणि मसाल्यासाठी तुम्ही स्वतःच तेथे दिवसाढवळ्या चक्कर माराल. त्याला लागून पश्चिमेकडे पसरलेला गालुस हा पूर्वीचा कामगारवस्तीचा भाग त्याच माळेत ओवला जातो, ते योग्य नाही.

गालुसमध्येच जुन्या मालधक्क्याच्या जागेवर ऑयरोपाफिअर्टेल ही नवी वसाहत उभी राहिली आहे. घरे झकपक आहेत, पण भाड्याच्या बाबतीत एक गोम आहे. भाडे स्थानिक तुलनात्मक भाड्यापेक्षा, म्हणजे त्या शहरातील तशाच घरांच्या प्रचलित भाड्यापेक्षा, 10 टक्क्यांहून जास्त ठेवू नये, असा 2015 पासूनचा नियम फ्रँकफर्टसारख्या टंचाईच्या शहरांत लागू आहे. परंतु 1 ऑक्टोबर 2014 नंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या नव्या घरांना तो लागू नाही. म्हणजे नव्या वसाहतीत घरमालक मागेल ते भाडे बहुतांशी द्यावे लागते, तर बोकेनहाइम (फ्रँकफर्ट वेस्ट स्थानकाचा भाग) किंवा रोडेलहाइमच्या जुन्या इमारतीत शहराचा भाडे-तक्ता दाखवून तुम्ही निदान प्रश्न तरी विचारू शकता. अनामत रक्कम मात्र सगळीकडे सारखी, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ (इतर खर्च न धरलेल्या) भाड्याइतकी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. घर न पाहता परदेशातून ती कोणालाही पाठवू नका. ‘किल्ली टपालाने पाठवतो’ म्हणणारा माणूस घरमालक नसतो.

आवाजाची गोष्ट फ्रँकफर्टमध्ये विसरून चालत नाही. विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरतात. बहुतेक दिवस वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा ती पूर्वेकडून, म्हणजे ऑफेनबाख, ओबरराड, झाक्सेनहाउझेनचा दक्षिण भाग आणि नीडरराड यांवरून खाली येतात. वारा पूर्वेचा असला की याच भागांत इतकी शांतता असते की घर पाहायला गेलेल्या माणसाला काही कळतच नाही. रात्री 11 ते पहाटे 5 नियमित उड्डाणांना 2011 पासून बंदी आहे, पण 5 वाजता दिवस सुरू होतो. माइन नदीच्या दक्षिणेकडे घर पाहणार असाल तर त्या दिवशी वारा कोणता आहे ते पाहा, शेजाऱ्याला विचारा आणि मगच सही करा.

तुमच्या जागी मी असतो तर आधी रोडेलहाइम पाहिले असते. निडा नदीचा काठ, उद्यान, जुन्या खेड्याचा गाभा, आणि एस 3, एस 4, एस 5 या तिन्ही गाड्या तेथे आहेत. पत्नीला दाराबाहेर दुकाने, कॅफे, माणसांची वर्दळ हवी असेल तर बोकेनहाइम, विशेषतः लाइपत्सिगर श्ट्रासेचा परिसर अधिक मानवेल. मात्र तेथे भाडे चढे आहे आणि घरे लहान आहेत. शक्य असल्यास पहिले दोन महिने सामानासह मिळणाऱ्या तात्पुरत्या घरात एकट्याने काढा. त्या घरात पत्त्याची नोंदणी करता येईल का, हे मात्र लेखी विचारा, कारण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

प्रश्न : बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ शहराच्या ऐन मध्यावर असल्याने त्याच्या जवळपास खोली शोधत आहे, पण काहीच परवडत नाही. थोडे दूर, श्पांडाउला, स्वस्त खोली मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : थांबा. विद्यापीठाची मुख्य इमारत उंटर डेन लिंडेनवर आहे हे खरे, पण रसायनशास्त्र विभाग शहराच्या आग्नेय टोकाला आडलरसहोफच्या विज्ञाननगरीत आहे. श्पांडाउ अगदी पश्चिम टोकाला आहे. बर्लिन पूर्व-पश्चिम सुमारे 45 किलोमीटर पसरलेले आहे, तेव्हा हिवाळ्यात रोज सकाळी आणि संध्याकाळी शहराची अख्खी रुंदी पार करण्याचे तुम्ही ठरवत आहात, याची जाणीव असू द्या.

खोली आडलरसहोफला जाणाऱ्या एस-बानच्या मार्गांवर शोधा. शोनेवाइडे आणि बाउमशुलेनवेग ही जवळची स्थानके आहेत. थोडी अधिक वर्दळ हवी असेल तर ट्रेप्टो, ओस्टक्रॉइझचा परिसर किंवा नॉयकोल्न स्थानकाची बाजू पाहता येईल. या सर्व ठिकाणांहून गाडी न बदलता जाता येते. विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हातात येताच अर्ज करा, कारण प्रतीक्षायादी लांबलचक असते.

बर्लिनमध्ये सामायिक घरातील खोलीच्या जाहिरातींत ‘नोंदणी करता येणार नाही’ अशी अट वारंवार आढळते. खोली कितीही चांगली असली तरी नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने ती घेऊ नये. नोंदणीवाचून कर-क्रमांक येत नाही, निवास परवान्याचे काम अडते आणि बँकेतही प्रश्न उभे राहतात. नोंदणीसाठी स्वतःच्याच भागातील नागरिक कार्यालयात जावे लागते असे नाही. शहराच्या बारा प्रभागांपैकी जेथे वेळ मिळेल तेथे ती करता येते.

प्रश्न : लाइपझिगमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सुंदर घर मिळत आहे. उंच छत, लाकडी जमीन, भाडेही आवाक्यात. उन्हाळ्यात सासू-सासरे नव्वद दिवसांसाठी येणार आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. घ्यावे का?

उत्तर : लिफ्ट नसेल तर घेऊ नये. तुम्ही उल्लेख केलेला नाही, त्यावरून ती नसावी. लाइपझिगच्या झ्यूडफोरश्टाट, गोलिस किंवा वाल्डश्ट्रासेन भागांतील त्या जुन्या इमारती देखण्या आहेत, पण छत उंच म्हणजे प्रत्येक मजल्याच्या पायऱ्याही जास्त. त्यातून घर छपराखाली असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ते चांगलेच तापते आणि घरांत वातानुकूलन नसतेच म्हटले तरी चालेल. सासूबाई एकदा वर चढल्या की दिवस दिवस खाली उतरणार नाहीत.

याच भागांत तळमजल्याच्या लगतचा मजला मिळतो का पाहा. रस्त्यावर ट्राम असेल तर शयनगृह मागच्या अंगणाकडे हवे. शहराच्या पश्चिमेच्या ग्र्यूनाउ वसाहतीकडे लोक नाक मुरडतात, कारण 1976 पासून उभारलेल्या काँक्रीटच्या साचेबद्ध इमारतींची ती वसाहत आहे. पण तेथे झाडी भरपूर आहे, एस-बान आहे, आणि कुल्कविट्झ तलाव वसाहतीच्या कडेलाच आहे. वयस्क माणसांना सकाळ-संध्याकाळ पाय मोकळे करायला तो परिसर मला शहराच्या मध्यभागापेक्षा सोयीचा वाटतो. तेथेही सावध राहा : उंच इमारतींत लिफ्ट असते, मात्र पाच-सहा मजली इमारतींत ती मुळात बसवलेलीच नव्हती आणि सगळीकडे नंतरही बसवलेली नाही. काही ठिकाणी ती दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते, म्हणून घर पाहायला जाल तेव्हा लिफ्टच्या दारापासून घराच्या दारापर्यंतच्या पायऱ्या मोजून घ्या.