उष्णता, तापमान आणि ऊन

चोपड्याच्या एका भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, खनिज तेलाच्या शोधासाठी गाळाच्या खडकांच्या खोऱ्यांची प्रतिमाने, म्हणजे संगणकावरील गणिती नमुने, तयार करताना जे ‘पॅलिओ-सरफेस टेंपरेचर’ धरतात, त्याला मराठीत ‘प्राचीन पृष्ठभागाची उष्णता’ म्हणावे का.

म्हणू नये. ‘जळगावची उष्णता 45 अंशांवर’ हे दर उन्हाळ्यात कानी पडणारे वाक्य मुळातच चुकीचे आहे. उष्णता ही ऊर्जा आहे. अंशांत मोजले जाते ते तापमान. बातमीत ही चूक केवळ खटकते, पण येथे ती अर्थ बिघडवते, कारण प्रतिमानात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जागी भराव्या लागतात. खोऱ्याच्या तळाशी पृथ्वीच्या पोटातून वर येणारा उष्णताप्रवाह मिलिवॅट प्रति चौरस मीटर या एककात द्यायचा असतो, तर वरच्या सीमेवर तापमान अंश सेल्सिअसमध्ये द्यायचे असते.

‘पृष्ठभाग’ हा शब्दही मोघम आहे. येथे त्या काळी साचलेल्या गाळाचा माथा अभिप्रेत असतो, आणि तेथे समुद्र असेल तर समुद्राचा तळ. आजही उष्ण कटिबंधात वरचे पाणी कोमट असताना महासागराच्या खोल तळाशी तापमान जेमतेम 2 ते 4 अंश असते. खडकांतील तापमान दर किलोमीटरला 30 अंशांनी वाढते असे धरले, तर गाळाच्या माथ्यावर 25 अंश असताना 100 अंशांची पातळी अडीच किलोमीटरवर येते. माथ्यावर 5 अंश असतील तर तीच पातळी जवळजवळ 3.2 किलोमीटरवर जाते. तेल ढोबळमानाने 60 ते 120 अंशांच्या दरम्यान तयार होत असल्यामुळे एवढ्या फरकाने एखादा थर तेल देणारा की कच्चाच राहिलेला, हा निष्कर्ष पालटू शकतो.

आजच्या जळगावचे 45 अंश येथे उपयोगाचे नाहीत, कारण दिवसाचा चढउतार जमिनीत मीटरभरातच विरतो आणि खोलवर पोचते ती दीर्घकाळाची सरासरीच. शिवाय सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, खानदेशातील काळ्या पाषाणाचा लाव्हा वाहत होता तेव्हा, ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणून आधी त्या काळचा अक्षांश, मग त्या अक्षांशावरील सरासरी तापमान आणि शेवटी पाण्याच्या खोलीनुसार दुरुस्ती, असा क्रम ठेवावा लागतो. भूवैज्ञानिक विग्राला यांनी 1989 मध्ये मांडलेला आलेख याच वाटेने जातो. मात्र शिंपल्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणाचा, त्या काळच्या पाण्याचे तापमान सांगणारा पुरावा हाती असेल, तर मी त्या ठिकाणापुरते त्यालाच अधिक वजन देईन. या पद्धतीची कल्पना रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी 1947 मध्ये मांडली. एकूण, ‘त्या काळच्या गाळपृष्ठाचे तापमान’ असे लिहावे; ‘पुरापृष्ठतापमान’ हा जोडशब्द तक्त्यापुरता चालेल.

‘ताप’ आणि ‘तापी’ यांमागचा ‘तप्’ धातू सर्वांना ठाऊक आहे. खरा आनंद ‘उष्ण’ या शब्दात आहे. त्याचे प्राकृतात ‘उण्ह’ झाले आणि मराठीत ‘ऊन’. उच्चारात हरवलेला ‘ह’ ‘उन्हात’ किंवा ‘उन्हाळा’ म्हणताच परत येतो. आकाशातून पडते तेही ऊन आणि जमिनीतून निघालेले गरम पाणीही ऊन. प्रतिमानाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही सीमांचा ताप या एका शब्दात मावतो. प्रश्नकर्त्याच्याच तालुक्यातील उनपदेवचा झरा खालच्या सीमेची साक्ष देतो, आणि त्या नावात मला ‘ऊन’ व ‘आप’ म्हणजे पाणी, हे दोन्ही ऐकू येतात.

याच नियमाने ‘कृष्ण’चा ‘कण्ह’ आणि पुढे ‘कान्ह’ झाला, आणि माझ्या मते ‘कान्हदेश’चा ‘खानदेश’. हे नाव येथे पूर्वी राज्य करणाऱ्या फारुकी राजांच्या ‘खान’ या पदवीवरून आले असे ठामपणे सांगणारे अभ्यासक ‘क’चा ‘ख’ कसा होईल असे विचारतात, तेव्हा ते ‘बाष्प’ विसरतात. त्याचे प्राकृतात ‘बप्फ’ झाले. मराठीने महाप्राण, म्हणजे व्यंजनातला ‘ह’कार, शेवटी ठेवून ‘वाफ’ केली, तर हिंदीने तो आरंभी नेऊन ‘भाप’ केली. ‘कान्ह’मधला ‘ह’ तसाच पुढे सरकून ‘क’ला चिकटला असेल, तर त्यात अशक्य काहीच नाही. पदवीचा आधार त्यांनी इतिहासातून खुशाल द्यावा. ध्वनीच्या नावाखाली कान्हदेश फेटाळणे मला मान्य नाही.